'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे'

आमच्या सोसायटीत तीन पाट्या आहेत. एक 'फुले तोडू नयेत', दुसरी 'वाहने आडवी लावू नयेत' आणि तिसरी, सगळ्यांत मोठी, लाल अक्षरांतली : 'पार्किंगमध्ये मुलांना खेळण्यास सक्त मनाई आहे'. ही तिसरी पाटी लागली तेव्हा मी कमिटीवर होते. चेंडूने गाड्यांचे आरसे तुटतात, दुपारी म्हाताऱ्या माणसांना झोप लागत नाही, एकदा तर गाडी मागे घेताना एक पोरगं थोडक्यात वाचलं, अशी कारणं पुढे आली. त्यातलं एकही खोटं नव्हतं. मीही हात वर केला.

दोनेक वर्षांनी त्याच हॉलमध्ये आम्ही 'मुलांमधील स्थूलता : कारणे व उपाय' या विषयावर एका आहारतज्ज्ञ बाईंचं व्याख्यान ठेवलं. बाई छान बोलल्या. आयांनी वहीत टिपून घेतलं. बाप दोनच आले होते, त्यातला एक माइक लावायला. मुलांनी गडबड करू नये म्हणून मागच्या रांगेत वेफर्सची पाकिटं फिरत होती, हे माझ्या लक्षात आलं ते व्याख्यान संपल्यावर, पाकिटं उचलताना.

मुलाचं वजन वाढलं की सगळ्यांच्या नजरा आईकडे वळतात. डब्याला काय देतेस? नोकरीमुळे बाहेरून मागवत असशील! मोबाइल हातात देऊन मोकळी होत असशील! बापाला हे कोणी विचारत नाही, आणि सोसायटीच्या कमिटीला तर नाहीच नाही. पण ती लाल पाटी काही त्या आईने लावलेली नव्हती. पी.टी.चा तास गणिताला देऊन टाकायचा हे तिने ठरवलं नव्हतं. शाळेसमोरच्या दुकानात पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा बरोबर आठ वर्षांच्या पोराच्या डोळ्यांसमोर येतील अशा उंचीवर कोणी लटकवल्या, हेही तिला विचारून झालेलं नाही. हे सगळे निर्णय वस्तीचे आहेत. शाळा, दुकान, कमिटी, महापालिका यांनी मिळून ते घेतले आहेत आणि बदलायचे तर त्यांनीच बदलावे लागतील. एकेका आईला गाठून उपदेश केल्याने ते बदलणार नाहीत.

हे म्हटलं की पहिली शंका ठरलेली असते. ज्या राज्यात मेळघाटचं नाव काढलं की कुपोषण आठवतं, तिथे जाड मुलांची चिंता म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले नाहीत का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. जास्त वजनाची होती ४.१ टक्के. म्हणजे शंका रास्त आहे. पण त्याआधीच्या फेरीत (२०१५-१६) हाच आकडा १.९ टक्के होता. एका फेरीत तो दुपटीच्या वर गेला. आणि मोठ्या मुलांकडे पाहिलं तर चित्र आणखी गडद होतं. २०२२ साली भारतात ५ ते १९ वयोगटातली सुमारे १ कोटी २५ लाख मुलं स्थूल होती, असा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे.

शिवाय खुजेपणा आणि लठ्ठपणा या दोन वेगळ्या घरांतल्या गोष्टी आहेत, हा समज पुण्यातच मोडीत निघाला आहे. केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमधल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. ही बाळं जन्मताना पावणेतीन किलोंच्याही आतबाहेर, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोंची. पण आपल्या बाळांचं जे कमी भरलं ते मुख्यतः स्नायू आणि पोटातले अवयव. कातडीखालची चरबी मात्र त्यांनी राखली होती. बारीक, तरीही चरबीयुक्त. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तंतोतंत सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. डॉक्टरी वर्तुळात हा फोटो गाजला. तो खरं तर प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर असायला हवा होता.

याचा अर्थ असा की गरोदरपणी अर्धपोटी राहिलेल्या बाईचं बाळ चरबी साठवायच्या तयारीनेच जन्माला येतं, आणि दहाव्या वर्षी त्याच्या हातात पाच रुपयांचं पाकीट पडतं. दोन्ही टोकं एकाच मुलाच्या आयुष्यात आहेत. पण आपली सगळी यंत्रणा एकाच टोकाकडे तोंड करून उभी आहे. अंगणवाडीताईच्या काट्यावर कमी भरणारं मूल पकडलं जातं. जास्त भरणारं मूल पाहून ताईपासून आजीपर्यंत सगळ्या खूश होतात. 'चांगलं बाळसं धरलंय', 'खात्यापित्या घरचं दिसतंय'. आमच्या घरात माझा धाकटा चार वर्षांचा होईपर्यंत 'याच्या अंगाला काही लागत नाही' हे वाक्य इतक्या वेळा उच्चारलं गेलं, की तो घास नको म्हणाला की मला अपराधी वाटायचं. आजीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तिने दुष्काळाची वर्षं पाहिली आहेत. तिच्या हिशेबात भरलेलं अंग म्हणजे आजारपणात कामी येणारी शिल्लक. तो हिशेब तिच्या काळात बरोबर होता.

आता, वस्तीने म्हणजे नेमकं कोणी आणि काय करायचं? या बाबतीत जगात थोडंफार करून पाहिलेलं आहे, आणि त्यात फसलेलंही आहे. फसलेल्यापासून सुरुवात केलेली बरी. बर्मिंगहॅम आणि आसपासच्या ५४ प्राथमिक शाळांमध्ये एक मोठा प्रयोग झाला. बर्मिंगहॅमच्या त्या भागात दक्षिण आशियाई वंशाची मुलंही भरपूर. शाळेत रोज अर्धा तास जास्तीची हालचाल, पालकांसह स्वयंपाकाचे वर्ग, अ‍ॅस्टन व्हिला या फुटबॉल क्लबच्या मदतीने सहा आठवड्यांचा कार्यक्रम. कशात कसूर नव्हती. २०१८ मध्ये निष्कर्ष आला : मुलांच्या वजनात फरक नाही. शाळा सुटल्यावर मूल ज्या रस्त्याने घरी जातं तो रस्ता तसाच राहिला होता, मग दुसरं काय होणार! (हा अर्थ मी लावते आहे, पण मला तो पटतो.)

याउलट बॉस्टनच्या शेजारचं सॉमरव्हिल. दाट वस्तीचं, कामगारांचं, पोर्तुगीज-स्पॅनिश-हैतियन क्रिओल बोलणाऱ्या स्थलांतरितांचं छोटं शहर. टफ्ट्स विद्यापीठाच्या क्रिस्टिना इकोनोमोस आणि सहकाऱ्यांनी २००२ पासून तिथे जे केलं त्यात पहिली-दुसरी-तिसरीची मुलं केंद्रस्थानी असली, तरी काम सगळं मोठ्या माणसांवर झालं. शाळेच्या मुदपाकखान्यातल्या बायकांना नवी उपकरणं आणि शिक्षण. झेब्रा क्रॉसिंग पुन्हा रंगवली. मुलांनी घोळक्याने चालत शाळेत यावं यासाठी वाटा ठरवल्या. हॉटेलवाल्यांना लहान पानाची सोय करायला लावली. नगरपालिका, डॉक्टर, शिक्षक, दुकानदार सगळे त्यात ओढले गेले. पहिल्या वर्षाचा परिणाम ऐकला तर तुम्ही हसाल : आठ वर्षांच्या जास्त वजनाच्या मुलाचं वजन, एरवी जितकं वाढलं असतं त्यापेक्षा साधारण अर्ध्या किलोने कमी वाढलं. बस.

मला तो अर्धा किलो फार मोठा वाटतो. एकही मूल 'डाएट'वर गेलं नाही, एकाही मुलाला वेगळं काढून सांगितलं नाही की तू जाड आहेस, आणि तरीही सगळ्या शहराच्या पोरांचा काटा किंचित डावीकडे सरकला. एका मुलाचं वजन दहा किलोंनी उतरवणाऱ्या शिबिराची जाहिरात पेपरात येते. अर्ध्या किलोची बातमी होत नाही.

अ‍ॅमस्टरडॅमने आणखी पुढची उडी मारली. २०१२-१३ च्या सुमारास तिथल्या महापालिकेने ठरवलं की हा विषय आरोग्य खात्याचा नाही, सगळ्या खात्यांचा आहे; आणि आराखडा आखला तो वीस वर्षांचा, २०३३ पर्यंतचा. आपल्याकडे पाच वर्षांच्या पुढचं बघणारा नगरसेवक दाखवा आणि बक्षीस मिळवा. शाळांत पाणी आणि दूध सोडून दुसरं पेय नाही. जंक फूड कंपन्यांचा पैसा असलेल्या क्रीडास्पर्धांना महापालिकेची मदत नाही. तुर्की, मोरोक्कन, सुरिनामी वस्त्यांमध्ये तिथल्याच बायका घरोघर जाऊन बोलू लागल्या. खाणं आणि खेळ यांच्या जोडीला त्यांनी तिसरी गोष्ट धरली, ती झोप. २०१२ मध्ये तिथली २१ टक्के मुलं जास्त वजनाची होती, २०१५ मध्ये १८.५ टक्के. हे सगळं श्रेय या एका कार्यक्रमाचं असं ठामपणे कोणी म्हणू शकत नाही, म्हणूही नये. पण झोपेचा मुद्दा वाचला तेव्हा मला आमच्याकडची सातवीतली मुलं आठवली. क्लासवरून साडेआठला येतात, नऊला जेवतात, साडेअकराला झोपतात आणि सकाळी सातच्या शाळेसाठी सहाच्या ठोक्याला उठतात. त्यांना भाजी खाण्याचे फायदे कोण आणि कोणत्या तोंडाने सांगणार?

आपल्याकडे असं काही व्हायचं तर 'समाज' नावाची वस्तू नव्याने जमवावी लागणार नाही. गणेश मंडळं, महिला बचत गट, भजनी मंडळं, तालमी, ग्रामसभा हे सगळं आहे. एक कायदेशीर हत्यारही पडून आहे. शिक्षण हक्क कायद्याने अनुदानित आणि सरकारी शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. त्याच कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण हवं असंही लिहिलं आहे. बहुतेक समित्या सह्यांपुरत्या उरल्या आहेत आणि क्रीडांगणाच्या रकान्यात 'शेजारचं मैदान' असा मोघम उल्लेख चालून जातो. तरी कागदावर का होईना, हा अधिकार पालकांकडे आहे. डब्यात काय द्यावं यावर व्हॉट्सअ‍ॅपवर तासन्‌तास वाद घालणाऱ्या आम्हा पालकांना या समितीची बैठक कधी असते हे माहीत नसतं. मलाही नव्हतं.

मैदानाचं दुखणं शहरात सगळ्यांत खोल आहे. केंद्राच्या नगररचना मार्गदर्शनात माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा धरलेली आहे. मुंबईकराच्या वाट्याला दीड चौरस मीटरही येत नाही. नवी मैदानं आकाशातून पडणार नाहीत. पण संध्याकाळी साडेपाचला महापालिकेच्या शाळांच्या फाटकांना कुलपं लागतात, आणि आतलं अंगण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत रिकामं पडून राहतं. ते कुलूप उघडायला एक रखवालदार आणि एक जबाबदार मंडळ लागतं. दहा दिवस मांडवासाठी रस्ता अडवायची परवानगी मिळवणाऱ्या मंडळांना हे जमणार नाही, असं मला कोणी सांगू नये.

खो-खोच्या मैदानाची लांबी २७ मीटर आणि रुंदी १६. दोन खांब सोडले तर साहित्य शून्य. बॅट नको, जाळी नको, बूटही नकोत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या खेळाला नियमांत बसवलं ते पुण्यात. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला विश्वचषक झाला तेव्हा भारताच्या दोन्ही विजेत्या संघांचे कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे होते. मी आमच्या पार्किंगमध्ये टेप लावून मोजलं. गाड्या वळवायच्या जागेसकट एवढ्या क्षेत्रात पंधरा-सोळा मोटारी मावतात. म्हणजे चोवीस खेळाडूंची जागा सोळा धातूच्या खोक्यांना दिली आहे.

त्यातही मुलींचं वेगळंच आहे. आठवीच्या सुमारास त्या मैदानावरून नाहीशा होतात आणि कोणी त्यांची चौकशीसुद्धा करत नाही. स्वच्छतागृह नसतं, कट्ट्यावर टवाळ पोरं असतात, घरी 'आता मोठी झालीस' सुरू होतं. याला आहारतज्ज्ञाकडे औषध नाही. मैदानाच्या कडेला दोन-चार मावश्या रोज गप्पा मारत बसल्या तर मात्र मुली टिकतात, हे आमच्या जवळच्या वस्तीतल्या बचत गटाने करून दाखवलं आहे. त्यांनी त्याला कुठलंही नाव दिलेलं नाही.

आता दुकान. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमानुसार जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. आपल्या राज्याने तर २०१७ मध्येच शाळांच्या उपाहारगृहांतून असले पदार्थ हटवण्याचा आदेश काढला होता. नियम चांगला आहे. पण अंमलबजावणीची गाडी आली की उचलली जाते ती बोरं, पेरू, आवळा, काकडी विकणाऱ्या मावशीची पाटी, कारण ती रस्त्यावर बसते आणि अतिक्रमणात मोडते. पाकिटांच्या माळा पक्क्या गाळ्यात लटकतात, तिथे परवाना असतो. आरोग्याच्या नावाने काढलेल्या फतव्यातून शाळेच्या फाटकावरचं एकमेव फळ नाहीसं व्हावं, याला काय म्हणावं? पालकांची समिती आणि प्रभागाचा नगरसेवक बसले तर हे उलटं करता येईल. त्या मावशीला फाटकाजवळ हक्काची जागा द्या, आणि गाळ्यातल्या माळा निदान शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी आत ठेवायला लावा. हा दुकानदार मंडळाला दरवर्षी वर्गणी देतो. त्याच्याशी बोलता येतं. मी बोलले आहे. त्याने खालच्या माळा काढून तिथे शेंगदाणा चिक्की ठेवली. धंदा बुडाला नाही, फार वाढलाही नाही.

इथे एक गोष्ट मात्र वस्तीच्या आवाक्याबाहेरची आहे, आणि 'लोकसहभाग' या गोड शब्दाखाली ती लपवू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं, चॉकलेटं, आइस्क्रीम यांच्यावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला. फरसाण-नमकीन १२ वरून ५ वर. साखरेच्या शीतपेयांवर ४० टक्के ठेवला, तेवढं बरं केलं. चिलीने २०१६ पासून पाकिटांच्या पुढच्या बाजूला काळे अष्टकोनी शिक्के मारायला लावले, 'साखर जास्त', 'मीठ जास्त', लहान मुलालाही कळतील असे. आपल्याकडे २०२२ मध्ये मसुदा निघाला तो पाकिटावर पदार्थाला तारे देण्याचा. तारे म्हणजे शाबासकी. पाकिटावर दीड तारा दिसला तर आमचा धाकटा म्हणेल, तारा आहे ना, मग घेऊ या! कर आणि शिक्का ही सरकारची कामं आहेत आणि ती सरकारकडूनच करून घ्यावी लागतील. वस्तीने स्वतःचं काम केलं म्हणून सरकार त्यातून सुटत नाही.

पैशाचंही तसंच. फ्रान्समधल्या फ्लरबे आणि लाव्हांती या दोन गावांत १९९२ पासून शाळा, डॉक्टर, नगरपालिका यांनी मिळून काम केलं. २००४ मध्ये तिथली ८.८ टक्के मुलं जास्त वजनाची होती, शेजारच्या तशाच गावांत १७.८ टक्के. त्यावरून देशभर मोठा कार्यक्रम उभा राहिला आणि त्यात खाद्यपदार्थ कंपन्या भागीदार झाल्या. मग त्या कार्यक्रमात खेळावर भर वाढणार आणि साखरेबद्दल आवाज हळू होणार, ही भीती तिथल्याच टीकाकारांनी बोलून दाखवली. आपल्या मंडळाच्या कमानीवर कोणाचं नाव झळकतं हे त्यामुळे किरकोळ नाही.

आणि कृपा करून वर्गात सगळ्यांसमोर काटा ठेवू नका. माझ्या थोरल्याच्या वर्गात एकदा आरोग्य तपासणीच्या नावाखाली वजनं मोठ्याने पुकारून लिहिली गेली. त्या दिवसापासून एका मुलाचं नाव बदललं; ते नवं नाव मी इथे लिहिणार नाही. त्याने पी.टी.ला जाणं सोडलं. कॅलिफोर्नियात ७९ शाळांमध्ये वजनाचा अहवाल घरी पाठवून पाहिला. मुलांची वजनं होती तिथेच राहिली. आपल्या अंगाबद्दलची नाराजी मात्र शाळेत वजन केलेल्या मुलांत वाढली. मोजायचंच असेल तर मुलांऐवजी वस्ती मोजा. फाटकापासून पन्नास मीटरवर काय विकलं जातं, पाण्याचे नळ किती चालू आहेत, आठवड्यात पी.टी.चे किती तास प्रत्यक्षात झाले, नववीतल्या किती मुली मैदानावर दिसल्या. हे सगळं चार पालकांना एका शनिवारी मोजता येतं.

यंदाच्या वार्षिक सभेत 'आयत्या वेळचे विषय' यात मी ठराव मांडला : रोज साडेपाच ते साडेसात मागच्या बाजूच्या सोळा गाड्यांची जागा मोकळी ठेवावी. ओरडा होईल असं वाटलं होतं. वॉचमनच्या वहीत पाहिलं तर त्यातल्या अकरा गाड्या त्या वेळी ऑफिसातच असतात. प्रश्न पाचांचाच होता, आणि त्यातले दोघे आजी-आजोबा निघाले. एका आजोबांनी फक्त एवढंच विचारलं, "दुपारी तर नाही ना?" नाही, म्हटलं. पावणेतीन तासांच्या सभेत पार्किंगच्या दरवाढीवर दोन तास गेले आणि या ठरावावर बारा मिनिटं. तीन महिने प्रायोगिक तत्त्वावर मंजूर. लाल पाटी काढायला कोणी तयार झालं नाही, विम्याचं काहीतरी कारण सांगितलं; म्हणून वेळेचा कागद तिच्यावरच चिकटवला आहे. पावसात तो दोनदा गळून पडला. दुसऱ्यांदा तो मुलांनीच लॅमिनेट करून आणला.